अंगठा घेणाऱ्या मशीनची साक्ष

मित्रांनो, आधी अंगठा पुसून या. तेल, ग्रीस, भेळीची चटणी, यातलं काहीएक मला चालत नाही. शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकापाशी, टाइम ऑफिसच्या खिडकीला लागून चार स्क्रूंवर मी उभी आहे. हजेरी घेते. अंगठा ओळखला की 'थँक यू' आणि नाही ओळखला की 'प्लीज ट्राय अगेन', एवढंच मला बोलता येतं. पण नऊ वर्षांत एक तारीख चुकले नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या, खरं आहे ते!

माझा जन्म कुठं झाला ते आठवत नाही, थर्माकोलची करकर तेवढी आठवते. इथं आले तेव्हा साहेबांनी नारळ फोडला आणि उत्साहाच्या भरात हळदकुंकू नेमकं माझ्या काचेवरच लावलं. मग काय, पहिल्या दिवशी एकाचाही अंगठा उमटेना. पुढं मात्र माझं कौतुक साहेबांपुरतंच राहिलं. कामगार मला चुगलखोर म्हणत. एक मिनिट उशीर झाला तरी मी लिहून ठेवायची, त्याला मी काय करणार? मला लई वाईट वाटायचं.

वायरिंगच्या लाइनवर विशाखा नावाची एक मुलगी कामाला होती. फुलंब्रीहून कंपनीच्या बसनं यायची. हाताला चपळ आणि तोंडानं गोड. पण दर महिन्याला दोन दिवस ती गैरहजर. त्याच्या आदल्या दिवशी तिचा अंगठा बर्फासारखा गार आणि घामानं ओला असायचा. मी तीनतीनदा परत लावायला सांगायची आणि ती बिचारी भिंतीला टेकून ओठ चावत उभी राहायची.

तिला पाळीच्या दिवसांत भयंकर दुखायचं. मुलांनो, हसू नका. पाळी तुमच्या आईलाही येते. पण रजेच्या अर्जावर ती हे लिहिणार कशी? आमचे टाइमकीपर पुंडलिकराव प्रत्येक अर्ज मोठ्यानं वाचायचे आणि मागं पन्नास गडी रांगेत उभे! म्हणून ती कधी पाहुणे आले लिहायची, कधी गावी लग्न आहे. कारणं संपली तेव्हा तिनं 'सासूबाई वारल्या' असं लिहिलं. पुढं तेही विसरली आणि आणखी दोनदा लिहिलं.

डॉक्टर तिनं कमी केले नव्हते. कुणी पित्ताची पावडर दिली, कुणी मुतखडा शोधला. सोनोग्राफी नॉर्मल आली. एकानं तर सांगितलं, मूल झालं की थांबेल. "कधीपासून दुखतं?" असं विचारलं की ही म्हणायची, "लई दिवसांपासून." आणि "किती दिवसांनी?" विचारलं की "अधूनमधून." शेजारी नवरा उभा, समोर परका माणूस, यापुढं तिची जीभ रेटायचीच नाही.

मग एके दिवशी पुंडलिकरावांनी तिची दोन वर्षांची हजेरी छापून काढली. गैरहजेरीच्या प्रत्येक तारखेखाली लाल रेघ ओढली आणि तिला खिडकीशी बोलावलं.

"सोमवारी साहेबांसमोर खुलासा द्यायचा. नाहीतर काम गेलं समजा. आणि सासू तीनदा कशी वारते तेही सांगा."

त्या सगळ्या तारखा माझ्याच पोटातून निघाल्या होत्या. विशाखा रडत बसमध्ये चढली आणि मला पहिल्यांदा माझ्या चोख कामाची लाज वाटली.

सोमवारी सकाळी विशाखाबरोबर एक काटक म्हातारी आली. ती तडक खिडकीशी गेली.

"जय भीम, साहेब. मी पारूबाई. विशाखाची सासू."

पुंडलिकराव चपापले. "कोणती सासू?"

"कोणती म्हंजी? एकच हाय. तुमच्या कागदावर तीनदा मेलेली."

रांगेत हशा पिकला. विशाखानं मान खाली घातली. पारूबाई मात्र हसल्या नाहीत.

"मेले तर मेले, माझं काय जात नाय. पण असली गुणाची पोर मला मारायला लागली, तवा तिला किती दुखत आसंल, व्हय? मीच तिला म्हणायचे, बाईला दुखतंच, गप निज. चुकलं माझं. आता त्या लाल तारखा वाचा बरं."

पुंडलिकराव वाचू लागले. "जानेवारी सात, आठ. फेब्रुवारी चार, पाच. मार्च चार, पाच. एप्रिल एक, दोन..."

पारूबाई बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. "अठ्ठावीस दिवस. परत अठ्ठावीस. साहेब, ही कामचुकार नाय. ही तिची पाळी हाय."

पन्नास गड्यांसमोर ठणकावून बोलल्या! आता कुणी हसलं नाही. पुंडलिकरावांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि विशाखाच्या हातात दिली. "साहेबांशी मी बोलतो. तुम्ही आधी हा डॉक्टरला दाखवा," ते म्हणाले.

पुढचं मला विशाखाच्याच तोंडून कळलं, रांगेत मैत्रिणीला सांगत होती. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तो कागद टेबलावर पसरला आणि सगळ्या तारखा वाचल्या. तपासण्या केल्या. शेवटी पोटात दुर्बीण घालून पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं: एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच अस्तर बाहेर, नको तिथं वाढतं. मग पाळी आली की तिथंही सूज येते, जीव कासावीस होतो. सोनोग्राफीत ते दर वेळी दिसतंच असं नाही.

"नाव ऐकलं आन् मी रडलेच गं," विशाखा म्हणाली. "आजाराला नाव हाय, म्हंजी मी खोटी नाय."

मित्रांनो, तो कागद माझा होता! तिला कामावरून काढायला छापलेला कागद तिच्या बाजूनं बोलला. त्या दिवशी कुणी मला चुगलखोर म्हणून दाखवायचं होतं.

ते अस्तर काढायची शस्त्रक्रिया झाली आणि दोन महिन्यांनी विशाखा कामावर आली. काम टिकलं. गोळ्या चालू आहेत, एखाद्या महिन्यात अजून दुखतं, पण आता ती अर्जावर खरं कारण लिहिते आणि पुंडलिकराव अर्ज मोठ्यानं वाचत नाहीत.

आता फाटकावर चेहरा ओळखणारी नवी मशीन आली आहे. माझ्या काचेला तडा गेलाय, त्यावर चिकटपट्टी आहे. मला जपा असं मी म्हणत नाही. पण तुमची आई, ताई, वर्गातली मैत्रीण 'दुखतंय' म्हणाली, तर तिला नाटकी म्हणू नका. कधीपासून, ते विचारा आणि तारखा मांडायला तिला मदत करा.

गेल्या आठवड्यात लाइनवरच्या तिघीजणी खिडकीशी आल्या, त्यांना आपापली हजेरी छापून हवी होती. पुंडलिकरावांनी कागद काढून दिले. मग त्यांनी घरी बायकोला फोन लावला.

"अगं, आपली निशा शाळेत कोणकोणत्या तारखांना गेली नव्हती, जरा लिहून काढ. नाय, रागवत नाय. मागं रागावलो, ते चुकलं माझं. तिला फोन दे."