पडदे ओढायचे नाहीत

बुधवारी सकाळी रात्रपाळी संपवून घरी निघालो होतो, तर चर्चच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. जाड काळ्या पेनानं लिहिलं होतं : ‘तुमचं जेवण आणि तुमचा गोंगाट उचला आणि आपल्या देशात चालते व्हा.’

शुक्रवारी आमची, म्हणजे अमेरिकेतल्या या गावात येऊन राहिलेल्या हैतीच्या लोकांची, संध्याकाळ होती. जेवण, गाणी आणि गावातल्या लोकांशी गप्पा. पत्रकं आम्ही लायब्ररीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे ठेवली होती. आमचं चर्च म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं दुकान. मोठ्या रस्त्यावर, समोर दोन भल्यामोठ्या काचा. आत काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसतं.

दुपारी पास्टर वेर्तिलूस यांनी आम्हा सात-आठ जणांना बोलावून घेतलं. झोप अर्धवट टाकून मीही गेलो. मी तिथे पेटी वाजवतो.

“संध्याकाळ रद्द करायची नाही,” पास्टर म्हणाले. “पण पडदे ओढून घेऊ. फक्त आपलीच माणसं. आणि ढोल नको.”

पास्टर भित्रे होते असं नाही. मागच्याच महिन्यात त्यांच्या बायकोच्या गाडीवर कोणीतरी दगड मारला होता, आणि मागच्या सीटवर त्यांची मुलगी होती.

तांत क्लेर्मीझ मागच्या बाकावर बसली होती. तांत म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळंच. सगळं चर्च तिला तांतच म्हणतं. सदुसष्ट वर्षांची, हैतीतल्या जेरेमी गावची बाई. कोंबड्यांच्या कारखान्यात अजून उभ्यानं काम करते.

“पास्टर,” ती म्हणाली, “नीरफणसाच्या चार पेट्या आल्यात फ्लोरिडाहून. ते पिकायला लागले की थांबत नाहीत.”

“करा ना ते कुटून तोमतोम. कोण नको म्हणतंय? आत करा.”

“उखळ आत चालत नाही. जमीन पोकळ आहे, हादरते. मी फुटपाथवर कुटणार.”

“तांत, तुम्हाला कोणी काही केलं तर?”

“उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?” ती उठून पुढे आली. “हे बघा, माझं घर सोडलं तेव्हा मी मागच्या दारानं पळाले. रात्रीची, अनवाणी. या गावात मी पुढच्या दारानं आले. कागदपत्रं हातात घेऊन. त्यांच्या कोंबड्या कापायला आपण चालतो, आणि त्यांच्या रस्त्यावर जेवायला चालत नाही? येशूनं पाच हजार लोकांना वाढलं ते काय पडदे ओढून?”

“मी तुमच्या अंगावर ओरखडा उठू नये म्हणून बोलतोय,” पास्टर म्हणाले.

“माहीत आहे, बाळा.”

पास्टरांना कोणी बाळा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग तिनं तो कागद मागून घेतला, उलटा केला आणि माझ्यापुढे ठेवला. “इल्फ्रेन, तुझं अक्षर बरं आहे. लिही. जेवण सहा वाजता. गाणी सात वाजता. प्रश्न कधीही विचारा. दार उघडं आहे.”

मी लिहिलं. तिनं स्वतः जाऊन तो कागद त्याच जागी चिकटवला. पास्टर बघत राहिले. काढा म्हणाले नाहीत.

शुक्रवारी ऑक्टोबरचा बोचरा वारा होता. पाच वाजता आम्ही चौघांनी उखळ उचलून फुटपाथवर आणलं. उकडलेले नीरफणस वाफाळत होते. एका बाजूला तांत, दुसऱ्या बाजूला चर्चमधलीच रोझमेन, दोघींच्या हातात एकेक मुसळ. धप्, धप्. एकीचं वर, एकीचं खाली. कोटावर एप्रन बांधलेल्या त्या दोन बायका बघायला गाड्या हळू व्हायच्या. एका पिकअपमधून कोणीतरी घाणेरडं ओरडलं.

“काय म्हणाला?” तांतनं विचारलं.

“सोडा हो, तांत,” मी म्हणालो.

“वास आवडला म्हणाला असेल,” ती म्हणाली आणि आणखी जोरात घाव घातला.

ढोल कोणी बाहेर आणला ते मला ठाऊक नाही. पण मुसळांच्या मध्ये तो वाजायला लागला, आणि बायकांनी त्याच तालावर स्तुतिगीत धरलं. मी पेटी दारापर्यंत ओढली. रस्त्यापलीकडे टायरवाला वेंडेल दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा होता. कागद त्यानंच लावला असं आमच्यातले निम्मे लोक म्हणायचे. पुरावा कोणाकडेच नव्हता.

पावणेसातला पोलिसांची गाडी थांबली. एक तरुण पोलीस बाई उतरली. गाणं आपोआप बारीक झालं.

“आवाजाची तक्रार आली आहे. इथे जबाबदार कोण?”

तांतनं मुसळ खाली ठेवलं. पण तिच्या आधी पास्टर पायरीवरून उतरले. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले.

“मी. मी जबाबदार आहे.”

“हे सगळं आत नेता येईल का?”

आता ते हो म्हणणार, असं मला वाटलं.

“बाई,” पास्टर म्हणाले, “नऊ वाजेपर्यंत परवानगी आहे. नियम मी दोनदा वाचलाय. तुम्हीही बघा. नियमात बसत नसेल तर मला लिहून द्या. बसत असेल तर आम्ही इथेच आहोत.”

ती गाडीत जाऊन बोलली. परत यायला तिला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ कोणी जागचं हललं नाही.

“नऊपर्यंत,” ती म्हणाली.

गाडी वळली तसे पास्टरांनी कोट काढून माझ्या अंगावर टाकला, बाह्या सारल्या आणि रोझमेनच्या हातातून मुसळ घेतलं.

“जपून, पास्टर,” उखळातला गोळा उलटत तांत म्हणाली. “माझी बोटं आहेत खाली.”

त्या संध्याकाळी गावातले अकरा लोक आले. अकराच. आम्ही साठ जणांची तयारी ठेवली होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, दोन परिचारिका, लायब्ररीतला माणूस, असे. भेंडी आणि खेकड्याच्या रश्शात तोमतोमचा गोळा बुडवून कसा गिळायचा ते तांतनं त्यांना शिकवलं. “चावायचं नाही! चावलंत तर जेरेमीत हसतील तुम्हाला.” शाळेच्या बाईंना ठसका लागला, आणि त्यांनी दुसरा गोळा मागितला.

प्रश्न चालू असताना वेंडेल दारात आला. आत आला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला.

“मला एकच विचारायचंय. किती दिवस राहणार तुम्ही लोक इथे?”

मी ते क्रेयोलमध्ये, आमच्या भाषेत, सांगायला लागलो, पण तांतला कळलं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. जेमतेम त्याच्या छातीला लागत होती.

“मरेपर्यंत,” ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. “टेकडीवरच्या दफनभूमीत जागा बघून ठेवली आहे मी. सकाळचं ऊन येतं तिथे. तू जेवलास?”

“नाही.”

“मग बस.”

वेंडेल बसला नाही. तिच्याकडे एकदा बघून निघून गेला. तांतनं त्याच्यासाठी भरलेली थाळी तिथेच, उभ्या-उभ्या, स्वतः खाल्ली.

रविवारी सकाळी आलो तर उजवीकडची काच फुटलेली होती. कोणी फोडली ते कधीच कळलं नाही. तुकडे झाडून काढले, पण भगदाडावर ठोकायला लाकडी फळी मिळायला सोमवार उजाडणार होता. उपासना आम्ही कोट न काढताच केली. प्रवचन संपलं आणि पास्टरांनी वही बंद केली.

“पुढची संध्याकाळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी,” ते म्हणाले. “सगळ्यांनी गरम कपडे घालून या. आपण बाहेरच असणार आहोत.”

मागून कोणीतरी मोठ्यांदा आमेन म्हणालं. तांत क्लेर्मीझ त्या दिवशी मागच्या बाकावर नव्हती. भगदाडाला लागून असलेल्या खुर्चीवर, रस्त्याकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून बसली होती. वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा रुमाल फडफडत होता. रोझमेन तिला आत सरका म्हणायला निघाली, आणि तिचा चेहरा बघून परत फिरली.