आपल्या रानातलं लाकूड

सकाळी सव्वासात वाजता पार्वतीबाई गेली. अंगणाच्या कडेला गोवऱ्या थापत होती. शेजारची उमाबाई विरजण मागायला आली, तेव्हा पार्वतीबाई भिंतीला टेकलेली होती आणि शेणाचा गोळा अजून हातात होता. उमाबाईने आधी नांदेडला पार्वतीबाईच्या मुलाला, आदिनाथला, फोन लावला. मग गल्लीत येऊन ज्ञानोबाला हाक मारली.

ज्ञानोबा रिटायर्ड लाइनमन. तो आला तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. त्याने पार्वतीबाईकडे पाहून हात जोडले आणि थेट घरामागे गेला. तिथे पत्र्याखाली, ताडपत्रीने झाकून, छातीइतक्या उंच गोवऱ्या रचलेल्या होत्या. शेजारी तुराट्यांचे भारे. त्याने ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.

“आत्ताच कामून सोडून राहिलाव?” उमाबाई मागून म्हणाली. “आदिनाथ म्हनला, मी येईस्तोवर कशाला हात लावू नका.”

“तिनं स्वतःसाठी थापल्यात ह्या. साऱ्या गावाला म्हाईत हाय.”

“गावाला हाय. त्याला कुठं हाय?”

ज्ञानोबाने दोरी पुढे सोडली नाही. पुन्हा बांधलीही नाही.

देवणी तालुक्यातल्या या गावात रीत अशी, की मेलेल्या माणसाला आपल्या रानातलं लाकूड लागतं. वखारीतून आणलं तर लोक विचारतात, यांना रान नव्हतं का? त्यामुळे एक माणूस गेलं की एक झाड जातं. पूर्वी ते खपून जायचं. मग बैल गेले, ट्रॅक्टर आले, बांध वीतभर उरले आणि बांधावर नवं झाड लावायचं कुणाला सुचलं नाही. म्हातारी माणसं पुष्कळ उरली, झाडं थोडी.

तीन उन्हाळ्यांपूर्वी गावातले भुजंगराव रानातून येताना उन्हाने पडले ते उठलेच नाहीत. त्यांच्या सरणासाठी एसटी थांब्याजवळचा त्यांचाच लिंब तोडला. दुसऱ्या दिवसापासून देवणीला जाणारी माणसं उन्हात उभी राहू लागली. पार्वतीबाई त्या बुंध्यापाशी थांबली होती. ज्ञानोबाला म्हणाली, “बगा की. उन्हानं मेलेल्या मानसासाठी सावलीच तोडली.”

तिनेच मारुतीच्या पारावर म्हातारे गोळा केले. आपल्या सरणाला हिरवं झाड तोडायचं नाही. गोवऱ्या आणि तुराट्या, बस. ज्याने त्याने आपापल्या जमवायच्या. पुढच्या पोरांना निदान उभं राहायला सावली राहील. पारावर मोबाइल बघत बसलेला एक जण हसला होता, “गोवऱ्या मसनात गेल्यात आन् ह्यांना आता पर्यावरन सुचून राहिलं.”

“अजून गेल्या न्हाईत, बाबा,” पार्वतीबाई म्हणाली होती. “थापायच्या हायत.”

चन्नबसप्पालाही तिने बोलावलं होतं. तो म्हणाला, “मी लिंगायत. मला बसवून पुरतेत. मला काडी लागत न्हाई, मी इथं कशाला?”

“साक्षीला. तुमचा ह्यात काईच फायदा न्हाई. असाच मानूस साक्षीला बरा.”

ज्ञानोबाने तेव्हा मान डोलावली होती. नोकरीभर दर उन्हाळ्यात तारांना लागणाऱ्या फांद्या त्यानेच छाटल्या होत्या. त्या फांद्यांचा हिशेब करण्यासारखा नाही, एवढंच तो म्हणाला.

पार्वतीबाईच्या रानात एकच झाड उरलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून असलेली चिंच. बुंधा तिच्या हद्दीत, अर्धी सावली शाळेच्या पटांगणात. मार्च उजाडला की वर्गातला पत्रा तापायचा आणि बाई पोरांना पोती घेऊन चिंचेखाली बसवायच्या. आपण मेलो तर हीच चिंच तुटणार, हे पार्वतीबाईला ठाऊक होतं. म्हणून ती शेणाची पाटी घेऊन दुसऱ्यांच्या देवणी गायींमागे हिंडायची. तिच्या दावणीला काहीच नव्हतं.

ग्रामसभेत टाळ्या झाल्या. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. आदिनाथने तो फोटो ‘माझी माय’ असं लिहून स्टेटसला ठेवला. बातमी वाचली नाही. त्याला वाटलं, वृक्षारोपण असेल.

चन्नबसप्पा तिच्या मागे लागायचा. “गावाला सांगून काय करताव? अग्नी लेक देतो. लेकाला सांगा.”

“सांगते की, सवडीनं.”

पाडव्याला आदिनाथ आला होता, तेव्हा तिने सुरुवात केली होती. “मी गेल्यावर आपली ती चिंच...” आदिनाथने तिच्या तोंडावर हात ठेवला. “सणासुदीला अभद्र बोलू नको, माय.” तिने त्याला पुरणपोळी वाढली. दुसऱ्या दिवशी पारावर तिनेच हे सांगितलं. पारावरच्या कुणीच आपल्या लेकाला सांगितलं नव्हतं. आपल्या मरणाचं बोलणं चारचौघांत चालतं, घरात नाही.

आदिनाथ बारा वाजता पोचला. नांदेडला तो प्लॉट पाडून विकतो. गाडीतून उतरला आणि आईच्या पायांवर पडून लहान पोरासारखा रडला. त्यात काही खोटं नव्हतं. उन्हामुळे कुणीतरी कूलर आणून पार्वतीबाईच्या उशाशी लावला होता. रडणं ओसरल्यावर त्याने तोंड धुतलं आणि विचारलं, “लाकडाचं काय केलाव?”

ज्ञानोबाने सांगितलं.

“काका, काय बोलून राहिलाव तुमी? माझ्या मायला गोवऱ्यांवर जाळू? बेवारशासारखं?”

“तिची इच्छा होती.”

“मला कधी बोलली न्हाई.”

“बोलू दिलं न्हाईस तू तिला. पाडव्याला.”

आदिनाथने त्याच्याकडे बघितलं. मग भोवतीच्या माणसांकडे बघितलं. सगळे ऐकत होते.

“मायला रान होतं,” तो मोठ्याने म्हणाला. “आपल्या रानातल्या लाकडावर जाईल ती. लोकांनी म्हनायचं का, लेकानं मायपरीस झाड मोठं केलं म्हनून?”

चन्नबसप्पा काठी टेकत पुढे आला. “आदिनाथ, मी साक्षीला होतो. माझ्या समोर बोलली हाय ती.”

“अप्पा, तुमच्यात पुरतेत. तुमाला सरनाचं काय कळतंय?”

चन्नबसप्पा काठी टेकत मागे सरकला.

“एका झाडाचं काय घेऊन बसलाव?” आदिनाथचा आवाज खाली आला. “मायच्या नावानं शंभर झाडं लावतो मी. बोर्ड लावून.”

“तुझ्या पणज्यानं लावली ती चिंच,” ज्ञानोबा म्हणाला. “बोर्ड लावला नव्हता.”

करवतवाला आला. चिंचेच्या फांद्यांतून गल्लीची लाइन गेली होती. चालू लाइनवर मशिन लावणार नाही म्हणाला. सगळ्यांच्या नजरा ज्ञानोबाकडे वळल्या.

“काका, डीपीवरचा फ्यूज तेवढा काढा,” आदिनाथ म्हणाला. “हात जोडतो. मायला उन्हात ठेवून राहिलो आपन.”

“मी न्हाई काढत.”

“तुमीच काढता की हमेशा. रिटायर जाल्यावर बी काढलाव.”

“काढलो. आज न्हाई.”

उमाबाई त्याच्या कानाशी आली. “काढा ओ. मयत खोळंबलंय. मेलेलीला हैराण करून काय भेटायचं?”

ज्ञानोबा खाली बसला. एवढंच त्याच्या हातात होतं. पण तारांवर आकडे टाकून वीज घ्यायला शिकलेल्या गावात डीपी बंद करायला लाइनमन लागत नाही. कुणीतरी बांबू घेऊन गेलं. थोड्या वेळाने पार्वतीबाईच्या उशाशी चाललेला कूलर गरगरत थांबला. बायकांनी पदराने वारा घालायला सुरुवात केली.

मग करवतीचा आवाज आला. तो अर्धा तासही चालला नाही.

चार वाजता अंत्ययात्रा निघाली. सरण मोठं होतं, गावाने नाव काढावं असं. पण हिरवी चिंच पेट घेईना. नुसता धूर. आदिनाथने दोनदा अग्नी दिला. मग ट्रॅक्टरमधलं डिझेल काढून ओतलं. तेही जळून विझलं, तेव्हा मसणवट्यातलं जुनं माणूस म्हणालं, “खालून गोवऱ्या लावा की. त्याबिगर धरनार न्हाई.”

गोवऱ्या कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत होतं. पोरं मोटारसायकलवर गेली आणि पोती भरून घेऊन आली. मग सरण धडाडून पेटलं. पार्वतीबाईच्या गोवऱ्यांनी पार्वतीबाईची चिंच जाळली.

चन्नबसप्पा ज्ञानोबाच्या शेजारी उभा होता. मग म्हणाला, “तिच्या कामाला आल्या म्हनायच्या का रे ह्या?”

ज्ञानोबा खाली पडलेली रिकामी पोती गोळा करू लागला.

सरणाला चिंचेच्या फांद्या पुरल्या. खोड पडून होतं. तिसऱ्या दिवशी सॉ मिलचा टेम्पो येऊन घेऊन गेला. दहाव्याला आदिनाथने शाळेजवळ गुलमोहर लावला. लोखंडी जाळी बसवली, जाळीवर पार्वतीबाईचा फोटो आणि खाली ‘ज्यांनी पर्यावरणासाठी आयुष्य वेचलं’. बाकीची झाडं पावसाळ्यात लावू म्हणाला. गुलमोहराला पाणी घालायला कुणी नेमलेलं नाही. ज्ञानोबा घालतो.

जूनमध्ये शाळा भरली. पाऊस नव्हता, पत्रा तापला. पोरं सवयीने पोती घेऊन पटांगणात गेली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. बाईंनी त्यांना परत आत बोलावलं.

त्याच संध्याकाळी ज्ञानोबाने पुण्याला मुलाला, सत्यमला, फोन लावला. ज्ञानोबाच्या रानात एकच लिंब आहे. चन्नबसप्पा समोर काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

“सत्यम, एक बोलायचं होतं. मी गेल्यावर आपला जो लिंब हाय...”

“काय अभद्र बोलताय बाबा? बरं वाटत नाहीये का? जेवलात का?”

“जेवलो.”

“मग झोपा आता. पोळ्याला येतोय मी, तेव्हा बोलू.”

फोन बंद झाला.

“काय म्हनला?” चन्नबसप्पाने विचारलं.

“पोळ्याला येतो म्हनला.”

ज्ञानोबाच्या घरामागच्या गोवऱ्या गुडघ्याइतक्या झाल्या आहेत. सत्यमचा त्यानंतर फोन आलेला नाही. पोळ्याला अजून दोन महिने आहेत.