दहा लाख तीनचं कुलूप

बाबा देवाघरी गेले आणि महिन्याभरानं दादा आणि चिंगी त्यांचं किल्ल्यांचं दुकान आवरायला बसले. चिंगी आता आजी झालेली, पण दादाच्या तोंडी चिंगीच. कानशींच्या खणात तळाशी ती जुनी वही निघाली.

काय दिवस होते ते! गिऱ्हाईक नसलं की बाबा वही उघडायचे. पहिल्या पानावर एकच संख्या, १०००००३.

"हे आपलं कुलूप," बाबा म्हणायचे. "हिला निःशेष भागेल ती किल्ली. दोन तुकडे पडले तर त्यातला एक तरी हजाराच्या आत असणारच. म्हणून हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या लावून बघायच्या. एकही लागली नाही, तर ही पण मूळ संख्या. मग कुणाच्या बापाला उघडणार नाही!"

"तुम्हाला पण नाही?"

"म्हणून तर जीव जडलाय बये!"

रोज दोन किल्ल्या. दादानं भागायचं, चिंगीनं उलट गुणून तपासायचं. ६४१ च्या दिवशी दादाची मॅच होती. भाग गेला १५६० चा. उरलेले त्रेचाळीस त्यानं गिळले आणि लिहिलं, बाकी शून्य.

"उघडलं, बाबा!"

"चिंगे, तपासलंस?"

दादानं टेबलाखाली तिचा पाय दाबला. तिनं मान डोलावली. बाबा वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. जा, खेळा."

त्यानंतर वही पुन्हा दिसली नाही. सांगू सांगू म्हणता पन्नास वर्षं गेली, आणि आता तर बाबाच गेले.

"आपण त्यांचं कुलूप खोट्या किल्लीनं फोडलं रे," चिंगी म्हणाली.

दादा ते पान बघत होता. "अगं वेडे, १५६० च्या शेवटी शून्य. कशानंही गुण, शेवटी शून्यच येणार. मग आपल्या संख्येचा शेवटचा तीन आला कुठून? बाबांना हे एका नजरेत दिसलं असणार!"

तिनं पान उलटलं. बाबांचं बारीक अक्षर. ६४१, बाकी ४३. मग ६४३, ६४७... थेट ९९१ पर्यंत, सगळं एकट्यानं. शेवटी ९९७, पुढे जागा कोरी. खाली लिहिलेलं: भागणार दादा, तपासणार चिंगी.

पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "बघतोस काय? भाग!"

दादानं पेन्सिलीला टोक काढलं. "एक हजार तीनचा भाग गेला. बाकी बारा."

चिंगीनं गुणलं. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव. त्यात बारा मिळवले. मग पुन्हा एकदा गुणलं.

"तपासलंस?" दादानं विचारलं, हुबेहूब बाबांच्या सुरात.

"तपासलं," ती म्हणाली. टेबलाखालचे दोन्ही पाय मात्र तिनं आधीच मागे घेतले होते.