‘ये’ या शब्दाचे भय

मित्रांनो, भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या गळ्यातला जुना, चामड्याचा पट्टा मी. माझ्या आतल्या बाजूला त्याची नाडी टेकते. म्हणून त्याचे भय घरातल्या माणसांच्या आधी मला कळते.

कारागिराने मला कापले, शिवले, तेल चोळून मऊ केले. नवा होतो तेव्हा माझ्या पितळी कडीचे कोण कौतुक! पिल्लू भुऱ्या ‘ये’ ऐकताच धावत सुटे. पुढे त्याच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या हातून एक चूक होत गेली, आणि त्या चुकीला ते शिस्त समजत. अंघोळ घालायची, म्हणजे ‘ये’. कानात औषध सोडायचे, म्हणजे ‘ये’. चप्पल कुरतडलेली सापडली, म्हणजे तर ‘ये!’ तो आला, की माझ्यात बोटे खुपसून त्याला फरफटत न्यायचे. शब्द तोच राहिला, अर्थ फिरला. त्या बोटांना मीही भिऊ लागलो. कारण पकडला जाई तो माझ्यामुळेच.

एका सकाळी फाटक उघडे राहिले. भुऱ्या रस्त्यावर गेला. काका ओरडले, “ये!” तो मागे सरकला, थेट ट्रकच्या वाटेत. ब्रेक किंचाळले. चाक माझ्या कडीपासून हातभरावर थांबले. काकांनी धावत येऊन मला धरले, आणि भुऱ्याने त्यांच्या मनगटाला दात लावले.

“बस्स! उद्याच याला दुसरीकडे देऊन टाकतो.”

“आधी कुत्र्यांच्या प्रशिक्षिकेला विचारू,” काकू म्हणाल्या. “मग काय तारे तोडायचे ते तोडा.”

प्रशिक्षिका आली आणि भुऱ्याकडे न पाहता फरशीवर बसली. “काका, तो हट्टी नाही. ‘ये’ म्हणजे ‘पळ’, हे तुम्हीच त्याला शिकवलंत. आवाजाला स्वतःचा अर्थ नसतो. त्याच्यामागून जे घडतं, तोच त्याचा अर्थ. शास्त्र एवढंच सांगतं. आता तो आला, की पट्ट्याला हात लावा आणि मग खाऊ द्या.”

“मग आता काय, लाच चारू?”

“चहा झाला म्हटलं की तुम्ही कसे ओट्याशी हजर होता!” काकू म्हणाल्या. “तीही लाचच का?”

‘ये’ बंद झाले. ‘इकडे’ हा नवा शब्द ठरला. काका मात्र घाईने आधी मांसाचा तुकडा देत, मग मला धरत. भुऱ्या तुकड्यालाही भिऊ लागला.

“उलटं करताय, काका!” प्रशिक्षिका म्हणाली. “आधी स्पर्श, मग खाऊ. नाहीतर खाऊच धोक्याची खूण होतो. आणि हे बघा, तो पुन्हा चावला तर दुसरं घर मीच शोधेन.”

आज काका फरशीवर बसले. त्यांच्या मनगटावर अजून वण आहे. “इकडे,” ते हळूच म्हणाले. भुऱ्या पोट जमिनीला घासत आला. बोट माझ्याकडे सरकले. नाडी अशी धडधडली, की माझी शिवण उसवेल असे वाटले. त्याचा ओठ वर उचलला गेला. मला दात दिसले. बोट टेकले. तुकडा आला. बोट उठले. दात ओठाआड गेले.

“जा बाबा, जा,” काका म्हणाले.

भय गेलेले नाही. उद्या बोट पुन्हा येईल आणि पुन्हा सारे टांगणीला लागेल. मित्रांनो, माझे मागणे एकच आहे: जो तुमच्या हाकेला येतो, त्याला आल्याची शिक्षा देऊ नका.