ओटीत पडलेला किल्ला

दुनाव्हरच्या किल्ल्याला मालक टिकत नसे. ज्यानं बांधला त्यानंच तो पत्त्यांत घालवला. जिंकणाऱ्यानं एका बोलक्या पोपटाच्या बदल्यात तो मेहुण्याला दिला. पोपट पहिल्याच दिवशी म्हणाला, "गाढवा, फसलास!" त्यावरून मेहुण्या-मेहुण्यांत अशी जुंपली की किल्ला तिसऱ्याच सरदाराच्या घशात गेला. पुढे त्या सरदाराच्या विधवेशी लग्न लावून आताचे मालक सर टॉर्क्विल यांच्या आज्यानं तो मिळवला. बाई एवढी भारदस्त, की ती जिना चढू लागली की खाली तळ्यातले मासे काठावर उड्या मारत. खरंखोटं तळ्याला ठाऊक.

मालक बदलत, पण मालकी द्यायची रीत एकच. त्या काळी नुसत्या कागदावर जमीन कुणाची होत नसे. त्याच जमिनीवर उभं राहून विकणाऱ्यानं तिथलीच मूठभर माती आणि एक दगड साक्षीदारांदेखत घेणाऱ्याच्या हाती द्यायचा. दिला की झालं. दुनाव्हरला ही माती उकरून आणायचा मान वेशीजवळच्या मॅकफी घराण्याचा.

आज तो मान इशबेल मॅकफीच्या वाट्याला आला होता, आणि असला मान वैऱ्यालाही मिळू नये असं तिला वाटत होतं. किल्ला घेत होता ग्लासगोचा साबणवाला हॉगार्थ. दरीतली माणसं हुसकून मेंढ्या आणायच्या हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, आणि पहिलं घर पाडायचं ते इशबेलचं.

"आण गं लवकर," साक्षीदार म्हणून आलेला फर्गस लोहार कुजबुजला. "सरकारांनी अर्धी बाटली रिचवलीय. आणखी उशीर केलास तर किल्ला माझ्या गाढवाला देऊन बसतील."

"तुझं गाढव तरी मला घराबाहेर काढणार नाही, मेल्या!"

तिनं ओलं ढेकूळ आणि दगड सर टॉर्क्विलच्या हातात ठेवला आणि बाजूला उभी राहिली. म्हाताऱ्याला दिसायचं बेताचंच. घसा खाकरून ते म्हणू लागले, "ही माती, हा दगड, आणि यांच्यासोबत किल्ला, तळं, डोंगर, सगळ्याची खरीखुरी मालकी..."

हॉगार्थनं पांढऱ्या हातमोज्यातला तळवा पुढे केला. तेवढ्यात ढेकळातून एक जाडजूड गांडूळ बाहेर आलं आणि त्याच्याकडे मान वळवून बघू लागलं.

"शी!" हॉगार्थनं हात मागे ओढला.

"...मी देतो!" सर टॉर्क्विल गरजले आणि त्यांनी हातातलं सोडून दिलं.

पडणारं काही दिसलं की एप्रन पसरायचा, ही इशबेलची जन्माची सवय. कोंबडीखालची अंडी गोळा करणारी बाई ती. ढेकूळ, दगड आणि गांडूळ, तिन्ही तिच्या ओटीत पडली.

पाद्रीबुवा दुसरे साक्षीदार. त्यांनी तोंड उघडलं ते मिटायचं विसरले.

"दिला ना?" सर टॉर्क्विलनी विचारलं.

"दिलात, सरकार," व्यवहार नोंदवायला आलेला वकील क्लूनी म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पण हिला दिलात."

"मग पुन्हा करा!" हॉगार्थ ओरडला.

"कसं करणार?" वकील म्हणाला. "सरकारांकडे द्यायला आता उरलंय काय?"

हॉगार्थनं घाईघाईनं हातमोजे उपसले. "बाई, दे इकडे. पटकन."

"मी घेतलं नाही हो," इशबेल म्हणाली. "पडलं."

"मग टाक खाली!"

"टाकू नको!" वकील किंचाळला. "कुणाच्या पायावर पडलं तर?"

फर्गसनं हळूच पाय पुढे सरकवला. पाद्रीबुवांनीही.

"बाई, दे म्हणतो ना!" हॉगार्थनं उघडे हात तिच्यासमोर पसरले. गोरे, मऊ हात. या हातांत गेलं की आपली चूल गेली, एवढं एकच तिला त्या गोंधळात लख्ख दिसलं. तिनं एप्रनची टोकं आवळून घट्ट गाठ मारली.

"नाही देत."

आपण बोललो हेच तिला खरं वाटेना. सर टॉर्क्विल चाचपडत जवळ आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. या म्हाताऱ्यानं तिच्यासमोर कधी मानसुद्धा लववली नव्हती.

"बाईसाहेब, माझे लोकरी मोजे वरच्या खोलीत राहिलेत. आत जाऊ का?"

इशबेल तशीच ओल्या गवतावर बसली, ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

"जा," ती कशीबशी म्हणाली. "पण सरकार... पाय पुसून जा."