दीपमालाच्या नावाचा पॅच

दीपमालानं कोडच्या त्या ओळीतलं शून्य खोडलं आणि खुर्ची मागे सारली.

“परत काढलंस?” टीम लीड अनिरुद्ध तिच्या मागे येऊन उभा होता. “अगं, वॉर्निंग गेली की झालं. संध्याकाळी रिलीज आहे.”

वॉर्निंग साधी होती. वायफायच्या कार्डाला चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये एका व्हेरिएबलला किंमत न देताच ते पुढे वापरलं जाऊ शकत होतं. त्याला सुरुवातीलाच शून्य दिलं की वॉर्निंग देणारा कंपायलर गप्प बसतो. पण या कोडमध्ये शून्याचा अर्थ ‘काम फत्ते’ असा होतो. कार्डानं उत्तरच दिलं नाही, तरी ड्रायव्हर सगळं ठीक म्हणून सांगणार. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!

“सर, उत्तर आलं नाही तर तिथूनच चूक कळवून परत फिरायला पाहिजे. तसं लिहून मी तुम्हाला पाठवलंय.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, दीपमाला. एवढं खोदायचं कायकू?”

ती हसली नाही. तिची नोकरी अजून पक्की झाली नव्हती आणि पक्की करणाऱ्या कागदावर यानंच शेरा लिहायचा होता. तरीही तिनं शून्य परत घातलं नाही.

जेवून आली तेव्हा मेल येऊन पडली होती. अनिरुद्धनं पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, जगभरातले लोक वाचतात त्या मेलच्या यादीवर पाठवून दिला होता, शून्यवाला. या कामाची रीत अशी की पॅचखाली सही करणारा ‘हे मी तपासलंय, याची जबाबदारी माझी’ असं सांगत असतो. खाली सही होती: दीपमाला डी.

“तुझ्याच नावानं पाठवला,” तो लांबूनच म्हणाला. “पहिला पॅच! पार्टी पाहिजे हां.”

“मला विचारलं का नाही, सर? आणि आडनाव?”

“इकडे सगळे इनिशियलच लावतात. सुटसुटीत दिसतं.”

स्वतःच्या पॅचखाली मात्र त्यानं स्वतःचं तीन पदरी नाव कायम लिहिलं होतं. दीपमालाला संताप आला. पोरीचं नाव कुठं छापून आलंय म्हटल्यावर आप्पांनी नामपल्लीतल्या गल्लीभर पेढे वाटले असते. खोट्या कामाचे पेढे.

तिनं त्याच मेलला, सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहायला घेतलं. अनिरुद्ध धावत आला.

“येडी झालीस का? स्वतःच्या पॅचला स्वतःच नको म्हणतेस? लोक हसतील.”

“हसू द्या.”

“माझ्यावर येईल हे.”

“हौ, येईल,” ती म्हणाली. “आणि कन्फर्मेशनचं तुम्ही काय लिहायचं ते लिहा.”

तिनं लिहिलं: ‘हा पॅच घेऊ नका. यानं वॉर्निंग जाते, चूक राहते. ही सही मी केलेली नाही. बरोबर बदल सोबत जोडला आहे.’

मग सहीची ओळ आली. अनिरुद्ध अजून तिथंच उभा होता. तिनं सावकाश टाइप केलं, दीपमाला दौलत सोनकांबळे, आणि मेल पाठवून दिली.