कोपऱ्यावरचा थांबा

प्रतापसिंह दरवर्षी देशाच्या रग्बी संघात जवळजवळ निवडला जायचा आणि दरवर्षी थोडक्यात राहायचा. शिबिराचं बोलावणं यायचं, तो घाम गाळायचा, शेवटच्या दिवशी यादी लागायची आणि त्याचं नाव 'राखीव' या शब्दाखाली असायचं. राखीव खेळाडूला जर्सी मिळते, पण तिच्या पाठीवर नाव नसतं. कुणाचा पाय कधी मुरगळेल हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून पाठ कोरी ठेवतात. अशा कोऱ्या पाठीच्या जर्स्या चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या त्याच्या घरी इतक्या साठल्या होत्या की त्याची आई तुळजा त्यातल्या एकीने इडलीचा ग्राइंडर झाकायची.

घराणं मूळचं तंजावरचं. पूर्वज राजांबरोबर मराठी घेऊन दक्षिणेत आले, आणि ती मराठी तिथेच तमिळच्या शेजारी मुक्कामाला राहिली. प्रतापसिंह खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागला होता आणि एग्मोरच्या ऑफिसात फायली पुढे सरकवत होता. वय चौतिसाला टेकलं होतं. रग्बीत या वयाला लोक 'अनुभवी' म्हणतात आणि मग बोलावणं बंद करतात.

त्यात यंदा संघटनेने करार काढले. करार म्हणजे वर्षभराचं मानधन, ऑफिसातून रीतसर सुटी आणि पाठीवर नाव. मानधनाचं त्याला फारसं काही नव्हतं. पाठीचं होतं.

तो प्रॉप होता. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ धिप्पाड फॉरवर्ड मुंडकी अडकवून एकमेकांना रेटतात, तेव्हा सगळ्यात पुढच्या ओळीत कडेला जो असतो तो प्रॉप. समोरच्यांचं आणि मागच्यांचं वजन मानेवर घेऊन त्याने जागचं हलायचं नसतं. हे काम नीट झालं तर दिसत नाही. प्रतापसिंह ते फार नीट करायचा.

प्रॉपसाठी एकच करार उरला होता आणि त्याच्यावर डोळा दोघांचा होता. दुसरा संकेत. साताऱ्याकडचा, पंचविशीचा, चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी संरक्षण कारखान्यात नोकरीला. सरावात तो समोरच्या बाजूने खेळायचा, त्यामुळे स्क्रम लागला की या दोघांचे कान एकमेकांवर घासायचे. मैदानावर मराठी कळणारे तेवढे दोघेच असल्याने ते तिथे मुंडकी खाली घालून निवांत बोलायचे. हवापाण्याच्या बऱ्याच गोष्टी त्यांनी अशा बोलून घेतल्या होत्या.

यंदा निवड यंत्रावर होणार होती. निधी नावाची नवी तज्ज्ञ बाई परदेशातून शिकून आली होती. तिने प्रत्येकाला जाळीची एक घट्ट बंडी दिली. बंडीच्या पाठीवर खिसा, खिशात काड्यापेटीएवढं यंत्र. चार्जरवरून काढलं की ते आपोआप सुरू होतं आणि अंगावरचा माणूस किती चालला, किती पळाला, सगळं टिपून ठेवतं. यातून निघतो तो फॉरवर्डचा कामाचा दर. जो जागच्या जागी उभा राहून वजन पेलतो त्याच्याबद्दल यंत्राचं मत एवढंच, की हा उभा आहे. शिबिराच्या पहिल्या टप्प्यात प्रतापसिंहाचा दर सर्वांत खाली आला. मग आठवडाभर घरी जाऊन, बंडी घालून स्वतःचा स्वतः सराव करायचं फर्मान निघालं.

प्रतापसिंहाने मरीनाच्या वाळूत रोज संध्याकाळी जीव काढला. घरी येऊन जेवायचा आणि ओंडक्यासारखा पडायचा. बंडी तुळजा धुवायची, यंत्र चार्जरला लावायची. बंडीची ती एवढी काळजी का घेते, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

शिबीर पुन्हा भरलं तेव्हा निधीने भिंतीवर तक्ता लावला. सगळ्यात वर प्रतापसिंह.

"हा माणूस बसतच नाही," निधी म्हणाली. "संध्याकाळी वाळूत जोर काढतो आणि पहाटे कुणी उठायच्या आत एकसारखी चाल, खंड न पडता. नेहमी उजवीकडे वळतो. प्रत्येक फेरीत त्याच कोपऱ्यावर थांबतो, दम घेतो, पुढे निघतो. याला म्हणतात शिस्त."

तिने चालीची रेघ दाखवली. मागे नकाशा नव्हता, कोऱ्या पडद्यावर नुसता लांबट चौकोन. त्याच्या एका बाजूला छोटंसं वाकण होतं, जणू मध्ये काही आलं म्हणून कुणी वळसा घातला असावा. प्रतापसिंह त्या वाकणाकडे बघत राहिला. तिथे फुलवाल्याची गाडी असते. चौकोन म्हणजे घराजवळच्या देवळाभोवतीचे चार रस्ते होते, आणि पहाटे त्या रस्त्यांवरून प्रतापसिंह आजवर कधी चालला नव्हता. पहाटे तो घोरत असे.

दुसऱ्या दिवसापासून शिबिरातले सगळे फॉरवर्ड तांबडं फुटताना मैदानाला चालत फेऱ्या घालू लागले. नेहमी उजवीकडे वळून. एका कोपऱ्यावर पाण्याची टाकी होती, तिथे थांबायचं ठरलं. शंभर-शंभर किलोची माणसं टाकीसमोर गप्प उभी राहायची आणि मग पुढे सरकायची. ओडिशाच्या एका गड्याने तर तिसऱ्या फेरीला नकळत हात जोडले. कोचने त्याची नोंद 'एकाग्रता' अशी घेतली.

चेन्नईच्या खेळाडूंना रात्री घरी जायची मुभा होती. प्रतापसिंह घरी गेला तेव्हा तुळजा परातीत कढीपत्ता निवडत बसली होती.

"अम्मा, पहाटे कोठं जातेस?"

"देवळास. आणि कोठं जाणार मी?"

"माझी बंडी घेऊन?"

तुळजाने एक डहाळी निवडून संपवली. "घेऊन नाहीं. घालून. पदराखालीं कोणास दिसत नाहीं."

प्रतापसिंह खाली बसला. गेली दोन वर्षं गुडघ्यामुळे ती बस स्टॉपपर्यंत जात नव्हती. भाजी तोच आणायचा.

"तुझ्या अप्पांस असेंच मशीन लावलेलें," तुळजा म्हणाली. "आसपत्रींत, छातीस. एक दिवस ठेविलें. दुसऱ्या दिवशीं डाक्टर म्हणाला, दोष आहे. मशीन दोष शोधायासच असतें रे, कण्णा. तेव्हां मज ठाऊक नव्हतें. ह्या वेळीं मीं आधींच देवाकडे नेलें. नुसतें पायाशीं ठेवून काय होणार? अंगावर असलें तर प्रदक्षिणा त्याजला पोंचते."

"आणि गुडघा?"

"गुडघा आहे की. कोठं जातो?"

लोक नवी गाडी घेतली की चावी देवापुढे ठेवतात, परीक्षेआधी पेन ठेवतात. तिने यंत्र नेलं. यात रागावण्यासारखं काय आहे ते प्रतापसिंहाला शोधूनही सापडेना. तो मात्र हात धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन उभा राहिला. तिचा हिशेब चुकला होता, पण करार जवळजवळ हातात आणून ठेवण्याइतका बरोबर होता. गप्प बसलं की झालं.

दुसऱ्या दिवशी सरावात स्क्रम लागला. मुंडकी अडकली, कानाला कान लागला.

"संकेत," प्रतापसिंह म्हणाला, "तें चालणें माझें नव्हे."

"मग कुणाचं?"

"अम्मेचें."

शिट्टी झाली. दोघांनी रेटलं आणि स्क्रम कोसळला. कोच ओरडला. सगळे उठून पुन्हा वाकले.

"अम्मा म्हणजे आई?"

"होय."

"वय काय त्यांचं?"

"बासष्ट."

स्क्रम पुन्हा कोसळला. या खेपेला तो संकेतने पाडला असावा. कोच म्हणाला, इतक्या वर्षांत इतका भिकार स्क्रम पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा मुंडकी अडकली.

"दादा, मला विचारू नका," संकेत म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तर करार मला मिळतो. नाही सांगितलंत आणि मी गप्प बसलो, तर मी मोठ्या मनाचा ठरतो. माझं दोन्हीकडून भलंच आहे. तुमचं तुम्ही बघा."

मग त्याने असा रेटा दिला की प्रतापसिंहाच्या मानेतून कळ गेली. प्रतापसिंह जागचा हलला नाही. यंत्राने नोंदवलं, हा उभा आहे.

निवड समितीची बैठक एग्मोरच्या एका हॉटेलात होती. अध्यक्ष कृष्णकांत हे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, वेस्ट मांबलमला राहणारे गृहस्थ. तरुणपणी दोन हंगाम रग्बी खेळले होते आणि उरलेलं आयुष्य नियमांनी चालले होते. टेबलावर करार होता. शेजारी घडी घातलेली जर्सी, पाठ वर करून. तिच्यावर मोठ्या अक्षरांत प्रतापसिंह असं छापलेलं होतं.

त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं. रबरासारखी जाड होती. पहिल्या 'प्र'वर बोट थोडं जास्तच रेंगाळलं. ही एक जर्सी ग्राइंडरवर गेली नसती. तुळजाने ती देवघरात ठेवली असती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून भंडावून सोडलं असतं. प्रतापसिंहाला ती हवी होती.

"सही करा," कृष्णकांत म्हणाले.

"सर, पहाटेचं चालणं माझं नाही. आईचं आहे." आणि त्याने सगळं सांगितलं. बंडी, पदर, प्रदक्षिणा, अप्पांचं मशीन, काही गाळलं नाही.

निधीने लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

कृष्णकांतांनी चष्मा पुसला. "बंडी तुमच्या नावावर दिलेली आहे. बंडीत कोण होतं, असा रकाना नाही."

"पण नव्हतो ना मी."

"अहो, अहवाल वर गेलाय. देशातले सगळे फॉरवर्ड उजवीकडे वळायला लागलेत. आता त्यांना काय सांगू? सही करा आणि मोकळे व्हा. आम्ही काही ऐकलं नाही."

पेन त्यांनीच टोपण काढून पुढे केलं. प्रतापसिंहाने ते हातात घेतलं. नावाकडे एकदा पाहिलं आणि पेन परत टेबलावर ठेवलं.

"पहाटेचं वजा करा," तो म्हणाला.

निधीने वजा केलं. जे उरलं ते संकेतपेक्षा कमी होतं. मग निधीने हळूच सांगितलं, की आईंचं एकट्यांचं काढलं तर त्या अजूनही पहिल्या येतात.

"त्यांना बोलावता येणार नाही," कृष्णकांत म्हणाले. "महिलांची समिती वेगळी आहे."

नाव छापलेली जर्सी आता कुणाच्याच उपयोगाची नव्हती. पण राखीव खेळाडूच्या पाठीवर नाव नसतं, असा नियम असल्याने ती प्रतापसिंहालाही देता येईना. कृष्णकांतांनी ती पिशवीत घातली आणि खणातून कोरी काढून दिली. देताना मात्र ते उभे राहिले. असं ते एरवी कुणासाठी करत नसत.

बाहेर जिन्यात संकेत होता. त्याने प्रतापसिंहाच्या हातातली कोरी जर्सी पाहिली आणि खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला. प्रतापसिंहाने त्याला दंडाला धरून उठवलं आणि मान सरळ ठेवायला सांगितलं, कारण रेटताना त्याची मान वाकडी पडायची.

घरी तुळजाने देवापुढे खडीसाखर ठेवली होती. प्रतापसिंह चपला काढत असताना तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग खडीसाखरेची वाटी उचलून फडताळात ठेवली.

"म्हणजे माझें चालणें कमी पडलें," ती म्हणाली.

प्रतापसिंहाने चपला कोपऱ्यात सारल्या.

"नाहीं अम्मा. तुझें चालणें पहिलें आलें. सगळ्यांत पहिलें. माझें कमी पडलें."

तुळजाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो खोटं बोलत असला की डावा कान चोळायचा, लहानपणापासून. हात जागच्या जागी होता.

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"तूं सांगतोस त्या उंच पंजाब्याच्याही वर?"

"त्याच्याही."

"सरी, बरें," म्हणून तिने वाटी पुन्हा फडताळातून काढली आणि एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला. "मशीन?"

"परत दिलें. दोष नाहीं निघाला."

"मग उद्यां चल माझ्यासंगें. फळलेला नवस सांगायास जावें लागतें."

पहाटे दोघं निघाले. देवळाभोवतीचे रस्ते नुकते सडे घालून ओले होते, बायका वाकून कोलमच्या रांगोळ्या काढत होत्या. तुळजा तोंडाने काही पुटपुटत, पदर खोचून झपझप चालत होती. दुसऱ्या फेरीला प्रतापसिंह मागे पडला. तिसरीला त्याच्या लक्षात आलं, की ती त्याच्यासाठी वेग कमी करते आहे. त्याला शिबिरातल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

फुलवाल्याची गाडी ओलांडून ते त्या कोपऱ्यावर आले. तुळजा थांबली. निधी ज्याला दम घेणं म्हणत होती ते त्याने जवळून पाहिलं. तिचा उजवा गुडघा आखडला होता. ती ओठ घट्ट मिटून, हात लांब करून भिंत चाचपडत होती. रोज ती याच भिंतीला धरून उभी राहिली होती आणि कळ ओसरली की पुढे निघाली होती.

प्रतापसिंह तिच्या आणि भिंतीच्या मध्ये शिरला. पाय फाकले, गुडघे किंचित वाकवले, पाठ सरळ केली. आधी तिचा तळवा त्याच्या खांद्यावर आला, मग कोपर, मग सगळा भार. फार नव्हता. त्याच्या मानेने याच्या कितीतरी पटीने पेललेलं होतं, तरी त्याने दात आवळून घेतले.

मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढे जात होती.

"हलूं नकोस," तुळजा म्हणाली.

प्रतापसिंह हलला नाही.